काळी साय

पेल्यातल्या पाण्यावर काळी साय धरली होती. पातळ, आरशासारखी चकाकणारी. झिल्के कारखान्याच्या दारातच थबकली.

"आई, आत येऊ नकोस. या पेल्याला हात लावलायस का?"

"पेल्याला? छे," रोझविथा मागून म्हणाली.

जर्मनीतल्या लाउशा गावात नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे फुंकतात आणि त्यांना आतून चांदी चढवतात. त्यासाठी कालवलेलं द्रावण कोणी रात्रभर ठेवत नाही. उरलेलं संध्याकाळीच ओतायचं, हा घराघरातला नियम. तसंच राहिलं तर त्यातली चांदी अमोनियातल्या नायट्रोजनला धरते आणि हे काळं नायट्राइड बनतं. नुसत्या धक्क्यानेही त्याचा स्फोट होतो. गेल्या नाताळाआधी रोझविथाचा नवरा लोथार कामावरच कोसळला. रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली, तो परत आला नाही; पेला राहिला. तेव्हापासून कारखाना बंद होता. घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं, पण रोझविथा हो म्हणत नव्हती की नाही.

येना शहरातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी झिल्के पेल्याकडे बघत राहिली. काहीतरी जुळत नव्हतं.

"पेला उघडा. भिंतीमागे घरातली शेगडी. पाणी कधीच आटायला हवं होतं."

रोझविथाने खिशातून औषधाचे थेंब सोडायची नळी काढली. "ही साय ओली असेपर्यंत गप्प बसते, वाळली की चिडते, असं तुझे बाबा म्हणायचे. म्हणून दर रविवारी चर्चमधून आले की कडेने थेंब थेंब पाणी सोडते."

"ओलीसुद्धा चिडते, आई!"

"हे नाही सांगितलं त्यांनी." तिने नळीकडे पाहिलं. मग हळूच ती परत खिशात ठेवली.

"ओतून का नाही टाकलंस त्याच दिवशी?"

"त्यांनी कालवलेली शेवटची चांदी. कशी ओतू?"

झिल्केने दार अलगद ओढून घेतलं. फोन काढला. "पोलिसांचं स्फोटकांचं पथक येऊन नेईल. चालेल?"

रोझविथा दारापासून मागे सरली. "नेऊ दे."

"आणि गिऱ्हाइकाला काय कळवू?"

रोझविथाने दाराबाहेरच्या खिळ्यावरून लोथारचा चामडी एप्रन काढला, झटकला आणि गळ्यात अडकवला.

"विकायचं नाही म्हणावं. फुंकायला मी तुझ्या बाबांच्या आधी शिकले होते. आता रोज संध्याकाळी उरलेली चांदी मी ओतणार आहे."