दिव्यातला नवरदेव

"हिला जरा जवळ सरकवा ना, मॅडम," पांड्या म्हणाला. "दोघांचा एकत्र फोटोच नाय. एकदासुद्धा काढला नाय."

निलमने माउस सरकवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नवरी नवरदेवाच्या खांद्याला जाऊन टेकली. पांड्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

निलमच्या ते बरोब्बर लक्षात आलं. मसोलीतल्या तिच्या दुकानात लेझर मशीन येऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत तिने अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांवर कितीतरी जोडपी कोरली होती आणि खाली एलईडीचा ठोकळा बसवून उजळवली होती. पण दुसऱ्याच्या नवरीकडे बघून रडणारं गिऱ्हाईक पहिलंच.

फोटो दोन होते, दोघांचे वेगवेगळे. महालक्ष्मीच्या जत्रेत, मागे ताजमहाल रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेले. रंग उडालेले, कोपरे झिजलेले. हल्ली पोरं मुद्दाम असा जुना लूक देतात, हे निलमला माहीत होतं. नवरीचं नाव बायजी, नवऱ्याचं सुकऱ्या. नावंसुद्धा जुनी, लूकला मॅचिंग.

"लग्न कधी आहे?"

"परवा दुपारी. वेवजीला, आमच्याच पाड्यावर. दिवा मांडवात लावायचाय, सगळ्यांना दिसला पाहिजे."

"हिला कधीपासून ओळखतोस?"

"कधीपासून म्हणजे? लहानपणापासून! हातानं भरवलंय मला तिनं."

"आणि नवरा कसा आहे?"

"चांगलाय. दोनदा काठीनं मारलं मला. पण चूक माझीच होती."

"लग्नाची धावपळ कोण करतंय?"

"मीच. मांडव, जेवण, बँजो, सगळं. अच्छाडच्या धाब्यावर तंदूर सांभाळतो ना, मालक रजा देत नव्हता. नोकरी सोडतो म्हटलं, मग दिली."

आता निलमला राहवेना. "अरे, पण तुझं काय? तुझं लग्न?"

पांड्याने मान खाली घातली. "तिचं लागल्याशिवाय माझं कसं लागेल?"

तो निघाला तेव्हा निलमने दुकानाच्या पेजवर टाकायला म्हणून त्याचा एक फोटो काढून घेतला. तो गेल्या गेल्या नवऱ्याकडे वळली. मनिष रेल्वेत बुकिंग क्लार्क होता आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून एलईडीचे ठोकळे तपासायचा.

"मनिष, हा मुलगा जिवाचं बरंवाईट करून घेणार."

"समोरच्या गाडीवर तिसरा वडापाव खातोय तो."

"दुःखात माणूस खातो."

"मग मी फारच दुःखी आहे म्हणायचा."

निलमने लक्ष दिलं नाही. तिने पडद्यावरून सुकऱ्याला उडवलं आणि त्या जागी पांड्याला बसवलं. मग ती खुर्चीतून उठलीच.

"मनिष, इकडे ये! नाक बघ दोघांचं. हनुवटी बघ. अरे, एकमेकांसाठीच बनलेत ही दोघं!"

"निलम, आपण ऑर्डरप्रमाणे कापायचं. बाकी गावाचं गाव बघून घेईल."

"आणि बायजीला कधीच कळलं नाही तर? मांडवात दिवा लागेल, ती बघेल. पुढे तिची मर्जी."

"आणि सुकऱ्या काठी काढेल."

"म्हणून तर तू येतोयस."

मशीन सुरू झालं. जळक्या प्लास्टिकचा वास दुकानभर पसरला. पाटीवर आधी बदाम उमटला, मग दोन सारखी नाकं, आणि खाली सुंदर वळणदार अक्षरात: 'बायजी आणि पांड्या, जन्मोजन्मी'. निलमने पाटी गार व्हायच्या आधीच तिच्यावरचा कागद सोलला. बारावीच्या निकालालासुद्धा ती एवढी उतावीळ नव्हती.

लग्नाच्या दिवशी दोघं स्कूटरवरून निघाले, तलासरी मागे टाकून वेवजीला पोचले. दिवा खोक्यात, खोकं निलमच्या मांडीवर. पांड्या धावतच सामोरा आला. त्याच्या गालांना हळद होती. लग्नघरात सगळ्यांनाच लागते.

"पेटतो ना, मॅडम?"

"असा पेटेल की आयुष्यभर विसरणार नाहीस."

त्याने खोकं दोन्ही हातांनी उचलून मांडवाच्या मधोमध खुर्चीवर ठेवलं. खोक्याबाहेर आलेल्या वायरला पॉवर बँक जोडली. "दाबू?"

"थांब, मी दाबते."

नवरा-नवरी पाटावर बसले होते. नवऱ्याचं तोंड बाशिंगाआड, नवरीचं पदराआड. दिसत होते ते नवरीचे हळदीने माखलेले हात, आणि ते कापत होते. ही मुलगी खूश नाही, निलमने ताडलं. मनिष सर्वांत मोठी काठी कुणाकडे आहे ते बघून ठेवत होता.

बँजो थांबला. लग्न लावणारी म्हातारी धवलेरी गाणं म्हणता म्हणता थांबली. निलमने दिव्यावरचं खोकं वर उचललं आणि बटण दाबलं.

निळा उजेड फाकला. अख्ख्या पाड्याने बदाम बघितला, बदामातली दोघं बघितली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचून दाखवलं. पांड्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नवरीने दोन बोटांनी पदर जरासा वर केला आणि तशीच थिजली.

निलम तिच्या कानाशी वाकली. "बोल, बायजी. अजून वेळ गेलेली नाही."

धवलेरीला लांबचं दिसत नव्हतं. तिने हातातलं तांदळाचं सूप वाजवलं.

"कसला खोळंबा चाललाय? संध्याकाळी पांड्याचं लग्न उभं आहे, आधी पैशापायी इतकी वर्षं राहिलेलं हे उरकू द्या. पांड्या, तानी, सरिता! चला रे पोरांनो, आईबापाच्या मागं उभे राहा."