खिशातला टॉर्च: पाचपैकी एक

दुपारी चार वाजता टॉर्च कंपनीच्या बाईंचा फोन आला. परीक्षकाने तो स्पीकरवर टाकला. शनिवारच्या पुरवणीत तो दर आठवड्याला एका वस्तूची सालटी काढत असे, आणि कोणी रडत आलं की त्याला घरात श्रोते लागत. आज श्रोता म्हणून बायको होती. ती शेजारच्या खुर्चीवर वाटाणे सोलत होती.

"सर, एक तारा?" बाई म्हणाल्या. "पाचपैकी एकच?"

"तोही डबीला दिलाय. डबी छान आहे तुमची."

टॉर्च टेबलावरच पडला होता. काळा, अंगठ्याएवढा, खिशाला अडकवायची क्लिप असलेला. परीक्षकाने तो बादलीत बुडवला होता, जिन्यावरून टाकला होता, आठवडाभर किल्ल्यांसोबत खिशात वागवला होता. तिथपर्यंत तक्रार नव्हती. पण माहितीपत्रकात एक दावा होता: कोणी अंगावर आलं तर मागचं बटण दाबा, भर दिवसा, नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून ही लुकलुक दिसली तरी माणूस तोंड फिरवील. त्यावर त्याने लिहिलं होतं, 'काजव्याला मिशा चिकटवल्या म्हणून तो वाघ होत नाही.' वाचकांना ते वाक्य भलतंच आवडलं होतं.

"चाचणी कोणावर घेतलीत, सर?"

"माझ्या वडिलांवर."

बायको गालात हसली. या घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी बाबांच्या वाट्याला येई. परीक्षकाचा नियमच होता तसा. चाचणी घेणाऱ्याला पुढे काय होणार ते ठाऊक असतं, तेव्हा त्याच्या अंगाचा भरवसा नाही. माणूस बेसावध हवा. मालिश करणारी उशी, डास पळवणारं यंत्र, बिनआवाजाचा पंखा, सगळं बाबांवर झालं होतं, त्यांना न सांगता. बाबा कशालाच भुलत नसत. त्यांच्या जिवावर परीक्षकाने तीन कंपन्यांना माफी मागायला लावली होती.

टॉर्चच्या वेळी बाबा मॅच बघत होते. परीक्षक डावीकडून दबकत गेला आणि हातभर अंतरावरून त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बटण दाबलं. बाबांची पापणी लवली नाही. त्याने पुन्हा दाबलं. बाबांनी फलंदाजाला शिवी दिली. तोंडावर बॅटरी मारली होती, असं नंतर सांगितल्यावर ते म्हणाले, "मग? उजेडाला घाबरायला मी काय झुरळ आहे?" हेही छापून आलं होतं.

"वडिलांचं वय काय, सर?" बाईंनी विचारलं.

"अडुसष्ट. पण तुमच्या टॉर्चपेक्षा दमदार आहेत."

तेवढ्यात बाबाच गाडीची किल्ली फिरवत आतून आले. मागे नात, पोहण्याची पिशवी पाठीला लावून.

"कोण रडतंय आज?" बाबांनी विचारलं.

"टॉर्चवाले."

"रडू दे. डोळे स्वच्छ होतात."

दारातून बाहेर पडताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आदळला. "सुतार होता की कुंभार?" ते नेहमीसारखं करवादले. नात नेहमीसारखी हसली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडीचा डावा आरसा गेल्याच महिन्यात नवा बसवला होता. शेजाऱ्यांना गाड्या लावायची अक्कल नाही, असं बाबांचं मत होतं. परीक्षकाचंही तेच होतं.

"सर, एक विनंती," बाई म्हणाल्या. "आत्ता कोणावर तरी मारून बघा. मी ऐकते."

"ऐकण्यासारखं काही होणार नाही, बाई."

त्याने टॉर्च उचलला. बायकोची मान वाटाण्यांवर झुकली होती. त्याने तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर नेम धरला आणि बटण दाबलं.

बायको किंचाळली. ताट उडालं, वाटाणे फरशीभर घरंगळले. तिने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकले होते.

"डोळे फोडतोस का माझे? काही दिसत नाहीये मला!"

"आलं ऐकू," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम उजळला. "आता किती तारे, सर?"

"ती भित्री आहे," परीक्षक म्हणाला. मग त्याने टॉर्च स्वतःच्या डोळ्याच्या बाजूला धरला, तसाच, हातभर दूर. येणार हे माहीत होतं. तरी त्याचं तोंड फिरलं.

"मग वडिलांचं कसं काय हो फिरलं नाही?" बाई हसत म्हणाल्या. त्यांनी आणखी काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाजात विक्री नव्हती.

"सर, मघाशी फोनवर गाडीचा आवाज आला. ती घेऊन गेले, ते वडीलच ना?"

बायकोचे हात डोळ्यांवरून खाली आले. डोळे लाल होते आणि पाणी गळत होतं. ती वाटाणे तुडवत खिडकीशी गेली. फाटक उघडं होतं आणि गाडीची जागा रिकामी होती.

परीक्षकाने बाईंचा फोन तोडला आणि बाबांना लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. त्याने पुन्हा लावला. बायको चप्पल न घालताच जिना उतरत होती.

साडेचारपर्यंत तो फोन लावत राहिला. रिंग प्रत्येक वेळी पूर्ण वाजत होती. गाडी चालवताना बाबा फोन उचलत नसत. त्या बाबतीत ते फार काटेकोर होते.