हिरवं पाकीट

युशेंगनं इंजिनिअर ताईच्या संगणकावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून भूकंपांच्या ह्वालिएन शहरात सगळेच ठेवतात. प्रोसेसरचा वेग त्यानं वाढवलाच होता. आता मेमरीला दोन कामांमध्ये मिळणारी उसंतही कमी केली. “आणखी कमी कर की, भित्रा कुठला!” ताई म्हणाली. त्यानं केली. मेमरी चुकत नाही ना, हे पाहणारी दिवसभराची चाचणी मात्र टाळली. पाकीट होतंच ना! दोन महिन्यांनी ताई चहा घेऊन आली. “शाळेच्या इमारतीचं भूकंपाचं गणित यावर तासाभरात सुटलं होतं रे!” युशेंगनं कालच संगणकावर घेतलेला आईचा फोटो उघडला. चेहऱ्यावर आडवा हिरवा पट्टा होता. मोबाइलमध्ये तोच फोटो स्वच्छ होता. मेमरी मुकाट्यानं चुका करत होती. “ताई, ते गणित?” “पाठवलं की. आज खांब ओतताहेत.” तेवढ्यात जमीन हलली. पाकीट पडलं. “रोजचंच,” म्हणत ताईनं ते पुन्हा जागेवर ठेवलं.