उघडं फाटक

चित्रकार जन्मभर एकच शेत रंगवत आला. लहानपणीचं, टेकडीखालचं, आणि त्याचं फाटक नेहमी सताड उघडं.

"अहो, एकदा तरी लावा ते," फ्रेमवाला चिडवायचा. "गुरं पळतील चित्रातली."

"वासरू कधीच पळालं," चित्रकार म्हणायचा.

त्या वासरामागे थोरला भाऊ गेला तो गेलाच. घरचा नियम असा की शेवटी आत येईल त्याने फाटकाची कडी लावायची. खूप वाट पाहून एका संध्याकाळी वडिलांनीच ती लावली, आणि आई त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

आता शहरातल्या दोन खोल्यांत तो आणि आई, दोघंच. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती डोळे मिटूनच विचारायची, "दादा आला का रे?"

त्या दुपारी त्याने वेड्यासारखं रंगवलं. फाटक इतकं उघडं त्याने कधीच काढलं नव्हतं. "ये रे बाबा, एकदाच ये," असं पुटपुटत तो ब्रश पुसायला वळला आणि परत पाहतो तर काय, फाटक लागलेलं. कडी आतल्या बाजूने. त्याने बोट लावून पाहिलं. रंग खडखडीत वाळला होता.

शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी स्वच्छ, जरा रागावलेला.

"किती हा उशीर. आधी हातपाय धू, मग बस माझ्याजवळ."

"आई, कुणाशी बोलतेस?" त्याने विचारलं.

न्हाणीघरातला नळ सुरू झाला.