हरकरे सरांची शिफारस

आज देतो, उद्या देतो, असे करता करता प्रोफेसर हरकऱ्यांनी सहदेवला पाच महिने झुलवले होते. आज मात्र त्यांना दौत पुढे ओढावीच लागली. मुंबईच्या दातांच्या कॉलेजात अर्ज पोचायला चारच दिवस उरले होते, आणि सोबत प्रोफेसराची सीलबंद शिफारस नसेल तर अर्ज वाचायचाच नाही, असा तिथला नियम होता. सहदेव दाराशी उभा होता. त्याच्यासारख्याला बस म्हणण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

सहदेव तिवशाकडचा, माळ्याचा मुलगा. बाप नत्थुजी संत्र्याची बाग करी, आई सत्यभामा बाजारात भाजी विकी. अमरावतीला राहून इंटर सायन्स झालेला तो त्या घरातला पहिलाच. गावात कुणाचा दात दुखला की न्हावी सांडशी घेऊन यायचा. सहदेवच्या मामाचा दात त्याने असाच उपटला, आणि जबडा सुजून मामा आठ दिवसांत गेला. तेव्हापासून पोराने हे एकच मनात धरले होते.

पौषात तो पहिल्यांदा शिफारस मागायला आला, तेव्हा प्रोफेसर पोट धरून हसले होते. मुळा उपटणारे हात आता दात उपटणार काय, असे त्यांनी बायकोला हाक मारून ऐकवले. मग त्यांना एकदम परसातली जंभेरी लिंबाची रोपे आठवली. तेवढे संत्र्याचे डोळे भरून दे, मग शिफारशीचे बघू, असे म्हणून त्यांनी आरामखुर्ची बाहेर काढायला लावली.

सहदेव मुकाट्याने कामाला लागला. सुरीच्या टोकाने रोपाची साल उकलायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा अलगद काढून तिच्यात बसवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकायचा. साल जरा जास्त फाटली की डोळा मेला. असे चार रविवार तो चिखलात उकिडवा बसला आणि प्रोफेसर चहा पीत बघत राहिले. एकूण एक डोळा फुटला. दर सोमवारी सत्यभामा भाजीची टोपली पाठवी, ती मागच्या दाराने आत जाई. गवार जून निघाली तर तसा निरोपही येई. विद्येने माणूस नम्र होतो म्हणतात. हरकऱ्यांपर्यंत पोचायला विद्येला बहुधा वेळ मिळाला नसावा.

त्याच कॉलेजात त्यांचा सख्खा पुतण्या वासुदेव याचाही अर्ज होता. त्याच्यासाठी प्रोफेसरांनी एका बैठकीत चार पाने लिहिली आणि ती घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. घराण्याचे संस्कार, संस्कृतचे पाठांतर, संमेलनातली भाषणे, काहीही सोडले नाही.

सहदेवला त्यांनी सहा ओळी दिल्या. इंग्रजी मात्र झोकदार होते. "हा मुलगा जातीने माळी. बुद्धी बेताची, बोलणे जवळजवळ नाहीच. सुरी घेऊन तासन्‌तास चिखलात बसतो आणि झाडांची साल उकलतो, त्यात त्याचा हात थरथरत नाही की तो कंटाळत नाही. घाणीची त्याला किळस म्हणून ठाऊक नाही. अशा मुलाने बागेतच राहणे त्याच्या आणि समाजाच्या हिताचे आहे." लाखेचा शिक्का मारून त्यांनी पाकीट पुढे केले आणि सगळे अगदी खरे तेच लिहिले आहे असे सांगितले. सहदेवने पाकीट कपाळाला लावले, त्यांच्या पाया पडला आणि धावतच पोस्टात गेला.

जूनमध्ये मुंबईहून दोघांनाही बोलावणे आले. मुलाखत झाल्यावर वासुदेव मुंबई बघायला मावशीकडे थांबला. सहदेव बडनेऱ्याला उतरला तो थेट प्रोफेसरांकडे आला. त्याला दारात बघून प्रोफेसरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. हे असेच होणार हे आपल्याला ठाऊक होते, ज्याने त्याने आपली पायरी ओळखावी, बापाची बाग काही वाईट नाही, असे त्यांनी बरेच समजावले. सहदेवने त्यांना पुरते बोलू दिले.

"सर, माह्यं नाव लागलं," तो म्हणाला. "तुमच्या चिठ्ठीनंच लागलं. मोठ्या सायबानं ती मले वाचून दाखवली."

प्रोफेसरांचा चेहरा खर्रकन उतरला. लिहिलेले शब्द ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्याच कानांवर पडतील, हे त्यांच्या विद्वत्तेत कुठे बसत नव्हते.

"आयकून मले लय वाईट वाटलं," सहदेव शांतपणे म्हणाला. "पण सायब म्हणे, चाळीस अर्ज आले, साऱ्यायच्या चिठ्ठीत हुशारीच लिहून हाये. पोराचा हात कसा चालते, हे एकट्या तुमीच लिहिलं. त्यायनं मले तिथंच सुरी अन् खडू देला, दात कोरून दाखव म्हणे. म्या कोरला."

प्रोफेसर उठून उभे राहिले. खुर्ची त्यांनीच पुढे सरकवली, ती सहदेवसाठी की स्वतःच्या आधारासाठी, हे त्यांचे त्यांना माहीत. घसा खाकरून त्यांनी विचारले, "आणि आमच्या वासुदेवाचं?"

ही बातमी आपल्या तोंडून जावी असे सहदेवला वाटत नव्हते.

"त्यायची चिठ्ठी सायबानं दुसऱ्या पानावरच मिटली, सर," तो म्हणाला. "तुमी लिहिलं होतं, पोरगा मनाचा इतका कोवळा हाये, का रक्त दिसलं तरी त्याले चक्कर येते."