दोन अंशांची खोली

"दोन अंश, मॅडम. रात्रंदिवस दोन अंश." आबासाहेबांनी दारावरच्या आकड्याकडं बोट दाखवलं. "माझ्या खोलीत माल ठेवायचा आन् निवांत झोपायचं."

प्रतिक्षानं वहीत तसं लिहून घेतलं. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलची खरेदी ती बघायची. हॉटेलला वर्षभर बॅक बेकन हवं होतं, म्हणजे डुकराच्या पाठीच्या मांसाचे मीठ मुरवून धुरी दिलेले काप. पोटाकडच्या मांसाला चरबी फार. हॉटेलच्या पाहुण्यांना कमी चरबीचं लागायचं. ते बनवत होती सोलापुरातली राजश्री, आणि पुण्याची गाडी येईपर्यंत तिचा माल आबासाहेबांच्या या कोल्ड स्टोरेजमध्ये राहायचा. कराराआधी खोली बघायला प्रतिक्षा आज मुद्दाम आली होती.

राजश्री शेजारीच उभी होती. गेल्या महिन्यात याच खोलीत तिची दोनशे पाकिटं नासली होती. आबासाहेबांनी हात झटकले. वर सगळ्या एमआयडीसीत सांगत फिरले, "खोलीत काय खोट न्हाई. ह्या लोकांच्या हातालाच स्वच्छता न्हाई."

ते हात तिच्या आईचे होते. मांसाला मीठ मीनाबाई लावायच्या. ते बोलणं कानावर आल्यापासून त्या गाळ्यावर फिरकल्या नव्हत्या. घरी बसून दिवसातनं दहा वेळा साबणानं हात धुवायच्या. बोटांची सालं निघाली होती. राजश्रीनं स्वतः मीठ लावून नवा माल काढला, पुन्हा याच खोलीत आणून ठेवला, आणि आबासाहेबांशी हसून बोलत राहिली.

"एक पाकीट आणते," ती म्हणाली आणि खांद्यावरच्या पिशवीसकट खोलीत गेली. पाचेक मिनिटांनी पाकीट घेऊन बाहेर आली. ऑफिसच्या टेबलावर तिनं छोटी शेगडी आणि लोखंडी तवा मांडला.

"हे काय काढलंस ताई?" आबासाहेब म्हणाले.

"माल ठेवला त्या दिवशीचा लॅबचा रिपोर्ट मॅडमकडं आहे. त्या दिवशी माल चांगला होता. होय ना, मॅडम?"

"उत्तम होता," प्रतिक्षा म्हणाली.

"मग नऊ दिवस दोन अंशात राहिलेला माल आजही चांगलाच असणार. की नाही, आबासाहेब?"

"व्हय की. असणारच."

"मग तुम्हीच चव सांगा मॅडमना."

आबासाहेब हसले. "माझं जेवण झालंय."

"तीनच काप. मागं तुम्ही दर रविवारी एक पाकीट घरी न्यायचा की."

थंड तव्यावर तिनं काप मांडले आणि मग खाली बारीक आच लावली. घाई केली नाही. कडेची चरबी हळूहळू पाघळली, काप त्याच चरबीत तडतडायला लागले. धुरीचा वास ऑफिसभर पसरला. आबासाहेबांनी खिडकी उघडली.

ताटली समोर आली तेव्हा प्रतिक्षा पेन हातात धरून त्यांच्याकडंच बघत होती. पहिला काप त्यांनी पटकन गिळला.

"कसं आहे?"

"झकास."

"नीट चावून खा."

दुसरा काप त्यांनी चावला. कपाळावर घाम आला. पाण्याकडं हात गेला, तर राजश्रीनं तांब्या आपल्याकडं ओढला. "पाण्यानं चव कळत नाही. अजून एक."

"बास झालं, ताई."

"मॅडम लिहितायत, आबासाहेब."

त्यांनी एकदा वहीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. तिसरा काप तोंडात घातला. तो तोंडात तसाच फिरत राहिला, खाली उतरेना. मग तोंडावर रुमाल दाबून ते उठले आणि बाहेरच्या बेसिनकडं गेले. त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज आत येत राहिला.

राजश्रीनं गॅस बंद केला. खिशातनं बटणाएवढं एक यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मोबाईल प्रतिक्षासमोर धरला. नऊ दिवसांपूर्वी मालाच्या क्रेटमध्ये तिनं ते दडवून ठेवलं होतं, मघाशी आत गेल्यावर काढून घेतलं होतं. दर दहा मिनिटांनी ते तापमान टिपत होतं. मोबाईलवरची रेघ रोज रात्री अकराला चढायला लागत होती. पहाटे पाचपर्यंत एकवीस अंश. मग पुन्हा खाली.

"विजेचं बिल वाचवतात," राजश्री म्हणाली. "रात्री मशीन बंद. सकाळी तुम्ही याल तेव्हा आकडा दोन. गेल्या वेळचा माल असाच गेला. आतला हा सगळा आता मी टाकून देणार."

प्रतिक्षानं ती रेघ दोनदा पाहिली. करारावर लिहिलेलं आबासाहेबांचं नाव खोडलं. मग म्हणाली, "हे तुम्ही मला आधीच दाखवू शकला असता. त्यांना खायला घालायची काय गरज होती?"

"रेघ तुमच्यासाठी होती," राजश्री म्हणाली. "खायला घातलं ते माझ्यासाठी."

"अहो, पण एखाद्याचा जीव जाईल अशानं. डॉक्टरांना बोलावू का?"

तव्यावर एक काप उरला होता. राजश्रीनं तो उचलून तोंडात टाकला. प्रतिक्षा खुर्चीतनं अर्धी उठली. राजश्री सावकाश चावत राहिली.

"हे पाकीट खोलीतलं नाही. घरच्या फ्रीजमधनं आणलंय. परवाच बनवलेलं, एकदम ताजं."

बाहेर आबासाहेबांना पुन्हा उबळ आली. कुणाला तरी ते तुटक्या आवाजात रिक्षा बोलवायला सांगत होते.

"मग त्यांना सांगायला हवं ना?" प्रतिक्षानं विचारलं.

"सांगू की," राजश्री म्हणाली. तिनं तवा बाजूला केला आणि शेगडीवर पातेलं ठेवलं. "बसा. आधी चहा घेऊ."