तळी वाढली

"वाढली! तळी वाढली!" साहेब खुर्चीतून उठलेच. सर्वेक्षण कार्यालयात चहा आला तरी ते इतक्या चपळाईने उठत नसत.

नकाशे करणारी मात्र पडद्याकडे बघत बसून राहिली. उपग्रहाच्या चित्रांवरून जिल्ह्यातली तळी तिनेच मोजली होती. समितीचं ठरलं होतं, की तळ्यांची संख्या घटली तर मोठ्या तळ्यावर कारखान्याला दुसरा पंप बसवू द्यायचा नाही. त्याच तळ्यात तिचे बाबा होडी चालवायचे. "आकडे येऊ द्या, बाबा. मग बघते कसा बसवतात पंप," असं ती त्यांना छातीठोकपणे सांगून आली होती.

मोठी तळी कुठेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. लहान मात्र पैशाला पासरी. ती मोजणं साहेबांना डोक्याला ताप वाटायचं, पण गेल्या वर्षी ती हट्टालाच पेटली. चारी बाजूंनी जमीन असलेलं प्रत्येक पाणी म्हणजे एक तळं, मग ते केवढंही असो. लहान आहे म्हणून काय झालं? शेवटी तिचाच नियम ठरला. केवढी खूश झाली होती तेव्हा!

आता तिने चित्र मोठं केलं. नवी तळी सगळी एकाच जागी होती, बाबांच्या तळ्यात. पहिल्याच पंपाने पाणी ओढून ओढून तळाचे उंचवटे उघडे पडले होते आणि त्या एका तळ्याची फुटक्या बशीसारखी शकलं झाली होती. तिच्या नियमाने प्रत्येक शकल एकेक तळं धरलं गेलं होतं.

"साहेब, ही वाढ नाहीये. मोठं तळं आटलंय, त्याची डबकी झालीत. पाणी किती उरलं तेही लिहू या ना."

"समितीनं संख्या मागितलीय, बाई. पाणी नाही." साहेब हसले. "आकडा खोटा आहे का?"

"खोटा नाही, पण…"

"नियम कुणाचा?"

"माझाच."

"मग आता वडिलांसाठी बदलायचा?"

लोक काय म्हणतील, याची तिला भीती वाटली, आणि त्या भीतीची तिला लाज वाटली. तरी तिने सही केली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"पोरी, बातम्यांत सांगितलं, तळी वाढली म्हणून. तुझं नाव घेतलं गं! इथं मला तर नुसता चिखल दिसतोय, पण तू मोजलंयस म्हणजे माझेच डोळे गेले असणार. धाकटा शहरात कामाला निघाला होता, त्याला थांबवलं. म्हटलं, ताई सांगतेय ना! आता फक्त एवढं सांग, ते वाढलेलं पाणी आहे तरी कुठं? होडी आम्ही दोघं तिथवर ओढत नेतो."